गाडीचे पुस्तक कोणाच्या नावे?

वाचकहो, पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालात आणि यवत मागे टाकलेत की भांडगाव लागते. सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास या गावाजवळ रस्त्याकडेला घटकाभर उभे राहून पाहा. लाल एस.टी. जाईल, कामगारांना नेणारी कारखान्याची बस जाईल, लांब पल्ल्याची खासगी बस जाईल आणि मुलांनी भरलेली पिवळी मिनीबसही जाईल. दिसायला साऱ्या बसगाड्याच. सर्वांना चाके, बाके आणि पाटीवर नंबर. परंतु सरकारी दफ्तरात यांतील प्रत्येकीची जात निराळी आहे. कोणती गाडी कोणाची, तिच्यात किती माणसे बसावीत आणि ती कशासाठी चालावी, हे तीन प्रश्न विचारून दफ्तर तिला जन्माचा दाखला देते. त्या दाखल्याला आपण ‘आर.सी. बुक’ म्हणतो आणि ते मिळण्याच्या खटाटोपाला ‘पासिंग’.

हा विषय रुक्ष वाटेल. पण आपल्यापैकी बहुतेकांची मुले रोज कोणाच्या ना कोणाच्या गाडीत बसून शाळेला जातात. म्हणून या कागदाचा इतिहास आपण जाणून घेतला पाहिजे.

टांगा, छकडा किंवा बैलगाडी असेपर्यंत हाकणारा माणूस गावाच्या ओळखीचा असे. अपघात झाला तर तो कोणाचा मुलगा, कोणत्या आळीत राहतो, हे चार लोक सांगत. मोटार आली आणि ही ओळख संपली. वेगाने आलेली गाडी धक्का देऊन दुसऱ्या गावी निघून जाऊ लागली. अनोळखी गाडीला ओळख देण्याची गरज प्रथम युरोपात भासली. पॅरिसच्या पोलिसांनी 1893 साली गाडीवर मालकाचे नाव, पत्ता व क्रमांक असलेली पाटी सक्तीची केली. इंग्लंडमध्ये 1903 च्या मोटार कायद्यानुसार 1 जानेवारी 1904 पासून प्रत्येक मोटारीला नोंदणी व क्रमांक आवश्यक झाला. आपला मुंबई इलाखाही मागे राहिला नाही. येथेही 1904 मध्येच मोटार वाहनांचा कायदा झाला. पुढे 1914 साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी एक कायदा आला. तेव्हापासून नंबर म्हणजे केवळ शोभेची पाटी राहिली नाही; ती जबाबदार माणसाच्या दारापर्यंत नेणारी खूण झाली.

पहिल्या महायुद्धानंतर मोटार-बसचा धंदा वाढला. मुंबई शहरात पहिली सार्वजनिक बस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. ग्रामीण भागात मात्र एखाददुसरी गाडी घेऊन धंदा करणारे खासगी मालकच होते. गाडी भरली की निघायची, आणखी माणसे मिळाली की टपावर चढवायची, असा कारभार असे. त्यातच रस्ते आणि रेल्वे यांची स्पर्धा सुरू झाली. आपल्या दौंड तालुक्यातच पाहा ना! यवत, केडगाव, पाटस ही स्थानके लोहमार्गावर आहेत आणि मोटाररस्ताही त्याच दिशेने जातो. देशभर अशीच स्थिती असल्याने मिचेल आणि कर्कनेस या अधिकाऱ्यांनी या स्पर्धेची चौकशी करून 1933 साली अहवाल दिला. पुढे 1939 चा मोटार वाहन कायदा झाला. या कायद्याने भाड्याने माणसे नेणाऱ्या गाडीला नुसती नोंदणी पुरेशी ठेवली नाही. परवाना घेणे आणि गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला काढणे बंधनकारक केले. याच कायद्यातील विम्याचे प्रकरण 1 जुलै 1946 पासून अमलात आले आणि रस्त्यावरील तिऱ्हाईत माणसाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातून जाणाऱ्या पुणे-नगर रस्त्यावर 1 जून 1948 रोजी एस.टी.ची पहिली बस धावली. नियमित प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारी महामंडळाकडे गेली. खासगी मालकाकडे मुख्यतः लग्नाची वऱ्हाडे, सहली, कारखान्याचे कामगार आणि शाळेची मुले उरली. पूर्वी बस घ्यायची म्हणजे कंपनीकडून नुसता सांगाडा, म्हणजे चॅसी, घ्यायचा आणि कारागिराकडून त्यावर बॉडी बांधून घ्यायची. चॅसीला आधी तात्पुरती नोंदणी मिळे. बॉडी पूर्ण झाल्यावर अधिकारी गाडी समक्ष पाहून आसने मोजत आणि मग कायमचा नंबर मिळे. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची मॅटाडोर आणि 1986 साली आलेली टाटा 407 यांमुळे लहान बस सामान्य मालकाच्या आवाक्यात आली. एखाद्या संस्थेलाही वर्गणी जमवून स्वतःची गाडी घेण्याचे स्वप्न पाहता येऊ लागले.

आजचा कायदा 1988 चा असून तो 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्यात चालकाशिवाय सहांहून अधिक माणसे नेणाऱ्या गाडीला ‘ओम्निबस’ म्हटले आहे. तीच गाडी मालकाच्या धंद्यातील माणसे भाडे न घेता नेत असेल तर ती ‘खासगी सेवा वाहन’ होते. ती शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या मालकीची असून केवळ विद्यार्थी व कर्मचारी यांच्यासाठी वापरली जात असेल तर ती ‘शैक्षणिक संस्थेची बस’ ठरते. भाडे घेऊन माणसे नेणारी गाडी ही आणखी निराळी. या साऱ्या वाहतुकीच्या गाड्या असल्याने त्यांना ठरावीक मुदतीने फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. नव्या पद्धतीत महाराष्ट्राला ‘एम.एच.’ ही अक्षरे मिळाली. पुण्याचा क्रमांक 12. आपल्या दौंड तालुक्यासाठी बारामतीचे कार्यालय झाल्यावर 42. म्हणूनच आपल्याकडे ‘बारामती पासिंग’ असे म्हटले जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गाडीचा मालक कोण? ज्याने पैसे दिले तो, ज्याच्या दारात ती उभी राहते तो, की जो ती चालवून पोट भरतो तो? 1939 च्या कायद्यात या शब्दाची स्वच्छ व्याख्या नव्हती. अज्ञान मालकाचा पालक आणि हप्त्याने घेतलेल्या गाडीचा ताबेदार एवढाच उल्लेख होता. 1988 च्या कायद्याने मात्र सांगितले की, ज्याच्या नावे गाडी नोंदली आहे तो मालक. हप्त्याच्या किंवा तारण गाडीसारखे अपवाद त्यात आहेत. पण मूळ नियम हा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच ठामपणे सांगितले. त्या प्रकरणातील गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी चार हातांतून गेली होती. पुस्तकावर नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते. अपघाताची भरपाई त्या पहिल्या माणसावर पडली.

पालक बंधू-भगिनींनो, या निकालाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जुनी मिनीबस विकून, पैसे मोजून घेतले म्हणजे आपण मोकळे झालो असे नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कार्यालयास कळवायचे असते. परराज्यातून स्वस्तात आणलेली गाडी येथे 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर येथील नवा नंबर घ्यावा लागतो.

संस्थांनी तर याहून अधिक जपले पाहिजे. समजा, गावाने चंदा जमवून शाळेसाठी बस घेतली. संस्थेचे कागद तयार नाहीत, ठराव झालेला नाही, म्हणून सोयीसाठी गाडी एका पदाधिकाऱ्याच्या नावे नोंदली. हेतू शुद्धच आहे. तरी दफ्तराच्या दृष्टीने ती त्याची खासगी गाडी झाली. ‘शैक्षणिक संस्थेची बस’ ही व्याख्या तिला लागत नाही. अपघात झाला तर नोटीस त्याच्या घरी जाते. तो वारला तर वारसांचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे त्या भल्या माणसाचेही नुकसान आणि संस्थेचेही. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा ही अमानत आहे आणि गाडीचे पुस्तक हा त्या अमानतीचा लेखी पुरावा आहे. तो संस्थेच्याच नावे असला पाहिजे.

शाळेच्या बसबाबत कायदा हळूहळू कडक होत गेला. शैक्षणिक संस्थेच्या स्वतःच्या गाडीला पूर्वी परवान्यातून सूट होती. 1994 च्या दुरुस्तीने ती काढली गेली. नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत वजिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून पंचवीसहून अधिक मुले दगावली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, खिडक्यांना आडवे गज, अनुभवी चालक आणि सोबत मदतनीस अशा सूचना दिल्या. महाराष्ट्राने 2011 साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो आणि गाडीची कागदपत्रे तपासणे हे तिचे काम आहे.

मग आपण काय करावे? गाडी ठरवताना आपण महिन्याचे भाडे विचारतो, वेळ विचारतो. त्याआधी चार कागद पाहावेत: नोंदणी, फिटनेस, विमा आणि परवाना. नोंदणीच्या कागदावर आसनसंख्या लिहिलेली असते. ती वाचावी आणि आत बसणारी मुले मोजावीत. भाडे घेऊन मुले नेणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आहे की पांढरी, हे पाहावे. पांढऱ्या पाटीची गाडी चार पैशांनी स्वस्त पडते खरी. पण अपघात झाल्यास, गाडीचा वापर परवान्याविरुद्ध होता अशी हरकत विमा कंपनीला घेता येते. मग भरपाईचा बोजा ज्याच्यावर येतो त्या गरीब गाडीवाल्याकडून वसूल तरी काय होणार? आता सरकारच्या ‘एम-परिवहन’ या मोबाइल ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की तिच्या फिटनेसची व विम्याची मुदत दिसते. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी हे काम आई-वडिलांना करून द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, मालक, दफ्तर, परवाना, जबाबदारी हे या व्यवहारातील शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इतके रुळले की ते परके वाटत नाहीत. उद्या तुमच्यापैकी कोणी बसचा धंदा करील, कोणी संस्थेचा कारभार पाहील. त्या वेळी यांतील पहिला शब्द मिरवण्यापूर्वी शेवटचा शब्द आठवा. पुस्तकावर ज्याचे नाव, त्याच्या हाती मुलांचे जीव असतात.