एक चित्र, अनेक पडदे



निफाड तालुक्यातल्या माणसाला पाटपाण्याची गोष्ट नव्याने सांगायला नको. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून डावा नि उजवा असे दोन कालवे निघतात, पुढे त्यांना चाऱ्या फुटतात. पाणी एकच, पण प्रत्येक चारीला ते तिच्या मापाने द्यावे लागते. चित्रांच्या बाबतीतही असाच प्रश्न आहे. चित्र एक आणि पडदे नाना मापांचे असले, तर कोणी कोणाशी जुळवून घ्यायचे?

जुन्या दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या रेघांनी विणलेले असे. रेघा जास्त तितके चित्र रेखीव. १९५० साली अमेरिकेत सरकारी आयोगाने रंगीत चित्राची एक पद्धत मंजूर केली. तिच्या रेघा ४०५ आणि घरोघरचे संच ५२५ रेघांचे! रंग चांगले होते हो, पण जोडयंत्र बसवल्याशिवाय जुन्या संचावर चित्रच दिसेना. १९५१ च्या जूनमध्ये सुरू झालेले हे प्रक्षेपण ऑक्टोबरात थांबले.

यावरची युक्ती मात्र आधीच सुचलेली होती. झॉर्झ वालेन्सी या फ्रेंच अभियंत्याने १९३८ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग वेगळे करायचे, पण धाडायचे एकत्र. जुना संच उजेड तेवढा घेईल, नवा दोन्ही घेईल. १९५३ अखेर अमेरिकेने याच तत्त्वावरची पद्धत स्वीकारली.

इंग्लंडची अडचण रेघांचीच होती. तिथे १९६४ मध्ये ६२५ रेघांची नवी वाहिनी आली, पण ४०५ रेघांचे प्रक्षेपण १९८५ पर्यंत चालू ठेवले. वीस वर्षे दोन चाऱ्या वाहत्या ठेवल्या म्हणा ना!

आपल्याकडे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रेघा पहिल्यापासून ६२५ होत्या, म्हणून तो तंटा उद्भवला नाही. १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, रंग आला. आपण घेतलेली ‘पाल’ पद्धतही उजेड आणि रंग वेगळे ठेवणारी होती. त्यामुळे ज्याच्या घरी कृष्णधवल संच होता, त्याला एक पैही न खर्चता तेच खेळ दिसले. रंग नव्हता एवढेच. जुळवून घेण्याचा भार धाडणाऱ्याने उचलला होता.

गुरुजी, हा प्रश्न आता तुमच्या वर्गात आला आहे. एकाच संगणकाला १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा जुना प्रोजेक्टर आणि १९२० बाय १०८० ठिपक्यांचा नवा टीव्ही जोडून दोन्हींवर तेच चित्र दाखवले, की बहुधा दोघांना एकच माप मिळते. मग नव्यावर चित्र पुसट तरी दिसते किंवा जुन्यावर उमटतच नाही. अशा वेळी जुना प्रोजेक्टर मोडीत काढण्याची घाई करू नका. मध्ये ‘स्केलर’ नावाची पेटी बसवली, की ती पडद्याच्या मापाचे चित्र नव्याने घडवून देते. मोबाइलवरच्या चित्रफितींचेही तसेच. धाडणारा एकच फीत लहानमोठ्या मापांत तयार ठेवतो आणि फोन आपल्याला झेपेल ती उचलतो.

पाटाचे पाणी आधी टेलच्या शेताला द्यावे आणि मग वर सरकत यावे, असे जाणते लोक सांगतात. नवे यंत्र दारात आले म्हणजे आपणही आधी हेच विचारावे, की सर्वांत जुना पडदा ज्याच्या घरी आहे, त्याच्यापर्यंत हे चित्र पोचणार आहे का?