लाल दिवा विझला, पण सळई खाली गेली का?

जुन्या अणुभट्टीत नवी कंट्रोल सिस्टिम बसवायची म्हटलं की चर्चा कम्प्युटर आणि स्क्रीनची होते. आज आपण एका दिव्याबद्दल बोलू.

कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरएक्स ही संशोधन अणुभट्टी 1947 साली सुरू झाली. तिच्यात भट्टी बंद करण्यासाठी 12 सळया होत्या. सळई वर असली की कंट्रोल रूममध्ये लाल दिवा लागायचा.

12 डिसेंबर 1952. तळघरातल्या ऑपरेटरने चुकून भलतेच व्हॉल्व्ह उघडले आणि काही सळया वर गेल्या. दिवे लागले. सुपरवायझरने खाली जाऊन व्हॉल्व्ह बंद केले. दिवे विझले, म्हणजे सळया बसल्या असं सगळ्यांनी धरलं. प्रत्यक्षात काही सळया जेमतेम दिवा विझण्याइतक्याच सरकल्या होत्या! मग सुपरवायझरने फोनवरून बटणं सांगितली. म्हणायचं होतं 4 आणि 3, तोंडून गेलं 4 आणि 1. एक नंबरच्या बटणाने आणखी सळया उचलल्या आणि शक्ती भराभर चढली. भट्टी बंद करायचं बटण दाबलं, तरी सळया पुरेशा पडेनात. शेवटी जड पाणी सोडून दिलं, तेव्हा कुठे भट्टी थांबली. इंधनाचं नुकसान झालं, तळघरात सुमारे 40 लाख लिटर किरणोत्सारी पाणी साचलं. साफसफाईला आलेल्या अमेरिकी नौदलाच्या तुकडीत जिमी कार्टर होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले.

‘माणसाची चूक’ म्हणून फाईल बंद करणं सोपं होतं. पण बघा, दिवा सांगत होता ‘सळई वर नाही’. लोकांनी वाचलं ‘सळई पूर्ण खाली आहे’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोड लिहिणाऱ्यांना हा घोळ नवीन नाही.

भट्टी 1954 मध्ये पुन्हा सुरू झाली. कॅनडाच्या अणुअभियंत्यांनी यातून धडा घेतला: रोज शक्ती कमी-जास्त करणारी यंत्रणा वेगळी, आणि संकटात भट्टी बंद करणारी वेगळी. एक बिघडली तरी दुसरी अडता कामा नये. आपल्या तारापूरच्या 540 मेगावॅटच्या भट्ट्यांमध्ये तर बंद करण्याच्याच दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत: एक सळया टाकते, दुसरी न्यूट्रॉन शोषणारं द्रावण सोडते.

म्हणून पॅनेल जाऊन स्क्रीन आली, तरी त्यावरच्या प्रत्येक हिरव्या चौकोनाला एकच प्रश्न विचारायचा: बाबा रे, तू नक्की काय मोजून हिरवा झालास?

भेटू पुढच्या भागात.