सरकी कोणाची?

दिवाळीच्या पहाटे घरोघर पणत्या लागतात तेव्हा तेलाचे कौतुक होते, पणतीच्या घाटाचे होते, ती मांडणाऱ्या सुनेचेही होते. वातीचे मात्र सहसा कोणी नाव काढीत नाही. वात कापसाची, आणि कापूस ही तर आम्हां वऱ्हाडकरांच्या मुलुखाची जुनी ओळख. परंतु वातीच्याही आधी एक वस्तू असते. रुई काढून घेतल्यावर मागे उरणारी काळपट, केसाळ, वाटाण्याहून लहान अशी सरकी. कपाशीचे बी म्हणतात ते हेच. आपण ती भिजवून गाईम्हशींना घालतो, तिचे तेल काढतो, आणि तिच्यातलीच थोडी मृगाच्या पावसावर काळ्या जमिनीत पडते तेव्हा वर्षाचे रहाटगाडगे पुन्हा फिरू लागते. या सरकीचा धनी कोण, एवढाच प्रश्न मला आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. प्रश्न लहान दिसला तरी त्याच्या पोटात दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो अकोल्यात बसून जितका नीट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असे आमच्याकडे म्हणतात. त्या सोन्यावर इंग्रजांची नजर गेली यात नवल नव्हते. 1853 साली निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोल्यावरून 1867 मध्ये नागपुरास पोहोचला. 1870 मध्ये खामगावला फाटा गेला. स्टेशनाजवळ जीन आणि प्रेस उभे राहिले आणि गठाणी थेट मुंबईच्या बंदरात जाऊ लागल्या.

त्या वेळी आमच्याकडे 'बनी' नावाची एक देशी कपाशी होती. तिचा धागा लांब आणि तलम. पण तिच्यातून रुई निघे थोडी. उलट आखूड धाग्याच्या जातींतून, विशेषतः पुढे पसरलेल्या 'रोझियम'मधून, तेवढ्याच कपाशीत पुष्कळ अधिक रुई मिळे. बाजार वजनावर पैसे देई, धाग्याच्या तलमपणाला पुरेसे दाम देत नसे. शेतकऱ्याने हिशेब केला आणि बनी मागे पडली. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला रोख सारा भरावयाचा आहे तो मनुष्य तलमपणाची पूजा करीत बसत नाही.

परंतु बनीच्या ऱ्हासाला दुसरेही एक कारण होते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. जीन येण्यापूर्वी रुई घरी निघे, म्हणून सरकीही घरीच राही. जीन आल्यावर कास्तकार सरकीसकट कापूस गाडीत भरून विकू लागला. जीनमध्ये दहा गावांच्या, दहा जातींच्या सरकीचा एकच ढीग होई आणि पेरणीच्या वेळी त्याच ढिगातून बी विकत आणावे लागे. बी भेसळ झाले. म्हणजे सरकी शेतकऱ्याच्या घरातून पहिल्यांदा बाहेर गेली ती कोण्या परदेशी कंपनीमुळे नव्हे; ती गेली जीनच्या फाटकातून, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

माझे आजोळ अकोट तालुक्यातले. तिथे माझ्या लहानपणीदेखील काही घरांत जुनी रीत शिल्लक होती. आजी वेचणीच्या वेळी चांगल्या झाडांची मोठी, निरोगी बोंडे निराळ्या ओच्यात घेई. त्यांची रुई हाताने काढून सरकी मडक्यात राखेत ठेवी. पेरणीच्या आदल्या दिवशी ती शेणमातीत चोळून वाळवीत, म्हणजे केसाळ दाणे एकमेकांना चिकटत नसत. शेजारच्या काकूंनी मागितली तर सूपभर सरकी देत आणि बदल्यात त्यांच्या तुरीचे बी घेत. आजीला अनुवंशशास्त्र हा शब्द ठाऊक नव्हता. पण कोणत्या झाडाचे बी ठेवावे, हे ती सुनेला बांधावर उभी राहून दाखवी, आणि दाखविण्याबद्दल काही मागत नसे.

या जुन्या रीतीचे मी अवास्तव गोडवे गाणार नाही. मर रोग आला की उभे शेत वाळे आणि आजीच्या मडक्यात त्यावर तोडगा नव्हता. तो शोधावा लागला शास्त्रज्ञांना. इंग्रजी अमदानीतच अकोल्यास सरकारी प्रयोगशेत निघाले होते. शेजारच्या खानदेशात जळगावच्या प्रयोगशेतावर मर रोगाला दाद न देणारा 'जरिला' तयार झाला. आमच्याकडे 'एच 420' आणि 'बुरी' ही नावे कास्तकारांच्या तोंडी रुळली. ही सारी सरळ वाणांची बियाणी. सरळ वाण म्हणजे ज्याची सरकी ठेवून पुन्हा पेरली तरी आईसारखीच लेक निपजते. सरकारने वाण एकदा दिला की तो शेतकऱ्याचा झाला. त्यात शास्त्रज्ञाची विद्या होती, पण तिला कुलूप नव्हते.

ही विद्या शेतकऱ्याच्या दारी यावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले ते डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी 1898 साली जन्मलेल्या या शेतकरीपुत्राने विलायतेस जाऊन वेदवाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहिला, आणि परत आल्यावर खेड्यांतून शाळा व वसतिगृहे काढण्याचे काम अंगावर घेतले. पुढे ते केंद्रात कृषिमंत्री झाले. 1965 साली ते गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, कृषी विद्यापीठ अकोल्यालाच व्हावे म्हणून विदर्भातील विद्यार्थी रस्त्यावर आले. त्या आंदोलनात तरुणांचे प्राण गेले. 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यात विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. विद्यापीठासाठी मुलांनी जीव द्यावा, ही गोष्ट जगाच्या इतिहासात फार ठिकाणी सापडणार नाही. आज त्या आवारातील हिरव्या वाफ्यांकडे पाहताना ती विसरता कामा नये.

याच सुमारास कपाशीच्या शास्त्राने मोठे वळण घेतले. 1970 मध्ये सुरतेस डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-4' हा कपाशीचा संकरित वाण काढला. व्यापारी लागवडीत आलेला तो जगातला पहिला कापूस-संकर. अकोल्याच्या विद्यापीठाने 1981 मध्ये 'पीकेव्ही हायब्रीड-2' दिला आणि कोरडवाहू वऱ्हाडात त्याने चांगले पाय रोवले. उत्पन्न वाढले, हे निर्विवाद. पण संकराचा एक स्वभाव असतो. दोन निराळ्या वाणांच्या लग्नातून पहिली पिढी जोमदार निघते. तिची सरकी ठेवून पेरली तर दुसऱ्या पिढीत कोणी आजोबांवर जाते, कोणी आजीवर, आणि शेत एकसारखे राहत नाही. म्हणून दरवर्षी नवी पिशवी आणावी लागते. बी विकणारे तोवर विद्यापीठ आणि 1976 पासून अकोल्यातच ठाणे असलेले 'महाबीज' यांच्यासारखे घरचेच होते, तोवर हे फारसे खुपले नाही.

26 मार्च 2002 रोजी केंद्र सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कपाशीत घातला की बोंडअळीला विष होणारे प्रथिन झाडच तयार करते, अशी ही युक्ती. युक्ती खरोखर मोठी होती. पहिली काही वर्षे फवारण्या कमी झाल्या आणि कास्तकाराने सुटकेचा श्वास टाकला. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ती प्रामुख्याने सरळ वाणांतून गेली. आपल्याकडे ती जवळजवळ संपूर्णपणे संकरित बियाण्यातून आली आणि 450 ग्रॅमची पिशवी आरंभी 1600 रुपयांच्या आसपास विकली गेली. पिशवीबरोबर 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकीची लहान पुडीही मिळे. ती शेताच्या कडेने पेरावयाची असे.

ही पुडी का पेरावयाची? कडेच्या साध्या झाडांवर काही अळ्या जगाव्यात, त्यांचा विषाला सरावलेल्या अळ्यांशी संकर व्हावा आणि सारी जात एकदम विषपचवी होऊ नये, असा त्यामागचा विचार. विचार पक्का होता. पण तो पुडीवरच्या बारीक छापात राहिला. कास्तकाराला तो बांधावर येऊन कोणी समजावून दिला असेल तर तो अपवाद. विकत घेतलेल्या पिशवीतली फुकटची पुडी म्हणजे निकामी माल, असेच बहुतेकांना वाटले आणि ती पेरलीच गेली नाही. शिवाय बहुतेक संकरांत जनुक एकाच बाजूने आलेला असल्यामुळे बोंडातले काही दाणे विषारी आणि काही साधे निपजतात. बोंडात शिरून सरकी खाणाऱ्या गुलाबी अळीला ही जणू सरावाची शाळाच मिळाली, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. 2017 च्या हंगामात गुलाबी अळीने महाराष्ट्रभर कपाशीची बोंडे पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वस्तू मिळाली पण तिच्यामागचे ज्ञान मिळाले नाही, म्हणजे काय होते, हे त्या वर्षाने दाखविले.

मग आले 2019. 10 जून रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहागीर या गावी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी उघडपणे, बोलावणे धाडून, तणनाशक सहन करणारी बिनपरवान्याची कपाशी पेरली. त्यांचे म्हणणे असे की निंदणाला मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, जगातील शेतकरी वापरतात ते तंत्र आम्हांला का नको? कायदा मोडून सत्याग्रह करण्याची परंपरा आपल्याला नवी नाही, आणि त्यांच्या अडचणी खोट्या नव्हत्या. परंतु मला एक शंका छळते. चोरट्या पिशवीत कोणते बी आहे हे कोण सांगणार? त्यावर लेबल नाही, चाचणीचे आकडे नाहीत, फसल्यास दाद नाही. निंदणाऱ्या बायांची रोजी गेली तर तिचा हिशेब कोठे मांडावयाचा? तंत्र वापरण्याचे स्वातंत्र्य हवे, हे खरे. पण त्याची परीक्षा चारचौघांत व्हावी आणि तिचा निकाल सर्वांना वाचता यावा, हाही त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. कंपनीच्या पिशवीत परीक्षा आहे पण बी ठेवण्याची सोय नाही. चोरट्या पिशवीत परीक्षाच नाही. दोन्ही गोष्टी एकत्र देऊ शकेल असे ठिकाण एकच दिसते, ते म्हणजे लोकांच्या पैशांवर चालणारे, लोकांना उत्तर देणारे विद्यापीठ.

हे मी केवळ भाबडेपणाने म्हणत नाही. पूर्णेच्या दोन्ही तीरांना अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथले विहिरींचे पाणी खारे. ओलिताची सोय नाही. अशा जमिनीत देशी कपाशी तग धरते, रसशोषक किडींनाही सहसा हार जात नाही. दरवर्षी नवी पिशवी विकणाऱ्याला या वाणात गोडी नाही, कारण देशीची सरकी शेतकरी ठेवून घेतो. तरीही 'एकेए-7' सारखे देशी वाण अकोल्याने दिले. विद्यापीठाचेच 'रजत' आणि 'पीकेव्ही 081' हे जुने सरळ वाण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटीच्या पहिल्या जनुकासह पुन्हा तयार केले आहेत. त्या जनुकावर भारतात कोणाचा एकाधिकार नाही, म्हणून ही सरकी घरी ठेवता येते. गुलाबी अळीचा बंदोबस्त एवढ्याने होणार नाही. त्यासाठी पीक लवकर आटोपावे लागते. अलीकडे अकोल्याच्या शेतकऱ्यांनी झाडांमधले अंतर कमी करून दाट लागवडीचे जे प्रयोग केले, त्यांची चर्चा 'अकोला मॉडेल' म्हणून दिल्लीपर्यंत गेली. पण दाट पेरावयाचे तर एकरी बी अधिक लागते, आणि पिशव्या वाढल्या की खर्च वाढतो. घरची सरकी असेल तर हे गणित सुटण्यास मदत होईल.

कायदाही या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूने उभा आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 2001 च्या वाण-संरक्षण आणि शेतकरी-हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी नाममुद्रेची पिशवी करून विकता येत नाही. आजी सूपभर सरकी काकूंना देई, तिला संसदेने दिलेली ही मान्यताच होय.

पावसाळा सरू लागला की विद्यापीठाच्या आवारात शिवार फेरी भरते. दूरदूरच्या गावांतून कास्तकार बायकापोरांसह येतात, वाफ्यांमधून हिंडतात, बोंडे दाबून पाहतात आणि शास्त्रज्ञाला आडवेतिडवे प्रश्न विचारतात. तिथे पाहण्याला बंदी नाही. माझी वाचकांना एवढीच विनंती की पुढच्या खेपेस घरातल्या मुलांनाही तिथे न्यावे, त्यांच्या तळहातावर चार दाणे सरकीचे ठेवावेत आणि हे बी कोठून आले, कोणी तपासले, पुढच्या वर्षी ठेवता येईल काय, हे तीन प्रश्न तिथल्या माणसाला त्यांनाच विचारू द्यावेत. या तिन्ही प्रश्नांना ज्या बियाण्याचा देणारा न अडखळता उत्तर देईल, ती सरकी आपली.