खुळखुळ्याची गोष्ट

पाळण्यांतल्या मुलाचें खेळणें हा इतिहासाचा विषय होऊं शकतो, असें माझ्या नोकरीच्या काळांत कोणी सांगितलें असतें तर मीं तें हंसण्यावारी नेलें असतें. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळी. आणि खेळणें म्हणजे मुलांच्या खिशांतून काढून टेबलाच्या खणांत टाकण्याची वस्तु, अशी माझी तीस वर्षांची पक्की समजूत. ती मोडण्यास घरांतला एक लहानसा अपघात कारण झाला.

सेवानिवृत्त झाल्यावर नातवासाठीं मीं स्वतःच्या हातानें एक पिशवी शिवली. जुन्या खणाचें कापड आणि आंत मूठभर चिंचोके. हालविली कीं ती खुळखुळ वाजे, चाचपली कीं बोटांना गोटे लागत. मूल दहा महिन्यांचें. पिशवी त्याला इतकी आवडली कीं तिसऱ्या दिवशीं त्यानें ती चावून चावून उसवली. सूनबाईंनीं त्याच्या तोंडांत बोट घालून चिंचोका बाहेर काढला. त्या मला कांहीं बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

पुढें हा प्रसंग मीं एका वैद्य मित्राला सांगितला. त्यानें कपाटांतून चरकसंहिता काढली आणि शारीरस्थानाचा आठवा अध्याय माझ्यापुढें धरला. गर्भिणीची काळजी, प्रसूति, बाळाची खोली, बाळाचें अंथरूण असें वर्णन चाललें असतां ग्रंथकार मध्येंच खेळण्यांकडे वळतो. खेळणीं तऱ्हेतऱ्हेचीं असावींत, आवाज करणारीं असावींत, मनाला रमविणारीं असावींत. तीं जड नसावींत, टोंकदार नसावींत, तोंडांत शिरतील अशीं नसावींत, जिवावर बेततील अशीं नसावींत आणि मुलाला भेवडावणारीं नसावींत. एकूण आठ अटी. तीन आनंदाच्या आणि पांच काळजीच्या. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या वैद्यकग्रंथानें पिशव्या शिवणाऱ्या माझ्यासारख्या आजोबांची जणू आगाऊच झडती घेऊन ठेवली होती. माझी पिशवी तिन्ही आनंदाच्या अटींना उतरली. सहाव्या अटीला मात्र ती नापास झाली.

तेव्हांपासून मी या विषयाच्या मागें लागलों. हरप्पा येथें १९२१ सालीं आणि मोहेंजोदडो येथें १९२२ सालीं खोदकाम सुरू झालें. त्यांत मुद्रा आणि स्नानकुंड यांची कीर्ति झाली. परंतु त्याच मातींतून चाकांच्या गाड्या, पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्ट्या आणि भाजलेल्या मातीचे पोकळ, गोल खुळखुळेही निघाले. या खुळखुळ्यांचें वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास आहे. त्यांना मूठ नाहीं. मुलाच्या दोन्ही हातांत मावेल असा गोळा आणि आंत मातीच्या बारीक गोळ्या. माझ्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं हा गोळा चोहों बाजूंनीं बंद असतो. त्याला शिवण नाहीं, झांकण नाहीं. तो फुटेपर्यंत आंतली गोळी बाहेर येणें नाहीं. त्या कुंभाराला हें कोणी शिकविलें असेल? त्याच्याही घरीं कधीं काळीं एखादी गोळी बाळाच्या तोंडांत सांपडली असावी, असा माझा तर्क आहे. पुरावा अर्थात् कांहीं नाहीं.

ग्रीक लोकांत खुळखुळ्याचें श्रेय आर्किटस नांवाच्या गणितज्ञाला देतात. अॅरिस्टॉटलनें आपल्या राजनीतिविषयक ग्रंथांत त्याची स्तुति केली आहे. कारण काय, तर मुलाला खुळखुळा दिला म्हणजे तें घरांतल्या वस्तु फोडीत नाहीं. लहान जीवाला स्वस्थ बसवतच नाहीं. मोठ्या मुलांचा खुळखुळा म्हणजे शिक्षण, असेंही तो पुढें म्हणतो. मास्तर लोकांनीं यावरून फार खूष होऊं नये. अॅरिस्टॉटलला मुलाच्या हाताची चुळबुळ दिसली; त्या चुळबुळींतून मूल शिकत असतें, हें दिसण्यास पुढें पुष्कळ शतकें जावीं लागलीं.

आपल्याकडे पाळण्यावर चिमणाळें टांगीत. कापडाच्या चिमण्या, रंगीत गोंडे, मधूनच एखादें आरशाचें भिंग. वाऱ्यानें तें हललें कीं तान्ह्याची नजर त्याच्यामागें फिरे. पायांत घुंगुरवाळे घालीत. मूल पाय झाडी, आवाज होई, आणि आवाज आपल्याच पायाचा आहे हें कळलें कीं तें मुद्दाम पाय झाडूं लागे. अंगावर गोधडी असे. तिच्यांत आजीचें मऊ लुगडें, आजोबांच्या धोतराचा तुकडा आणि टांक्यांच्या रांगा, सगळें बोटाखालीं वेगवेगळें लागणारें. या वस्तूंना त्या काळीं शैक्षणिक साधन असें कोणी म्हटलें नाहीं. मात्र जुनें तें सगळेंच सोनें नव्हतें. आमच्या लहानपणीं जत्रेंतल्या कांहीं खुळखुळ्यांत गुंजा भरलेल्या असत. गुंज दिसायला सुरेख, पण आंत विषारी. तिचें टणक साल फुटून ती पोटांत गेली तर प्राणावर बेततें. चरकाच्या सातव्या अटीचें याहून ठळक उदाहरण मला माहीत नाहीं.

युरोपांत या गोष्टींना शास्त्राचें रूप आलें तें एकोणिसाव्या शतकांत. फ्रीड्रिख फ्रोबेल यानें १८३७ सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें आपली बालसंस्था काढली आणि १८४० मध्यें तिला किंडरगार्टन हें नांव दिलें. मुलांना द्यावयाच्या साधनांना तो भेटी म्हणे. त्यांतली पहिली भेट म्हणजे लोकरीनें विणलेले सहा रंगांचे सहा मऊ चेंडू, दोरीला बांधलेले. कोणत्याही आईनें घरीं विणावेत असेच ते आहेत. फ्रान्समध्यें इतार आणि सेगँ यांनीं ज्या मुलांना ऐकूं येत नाहीं किंवा ज्यांची बुद्धि मंद गतीनें वाढते, त्यांच्यासाठीं स्पर्शाचे व दृष्टीचे धडे बसविले. त्याच पायावर डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत आपलें बालगृह उघडलें. खरखरीत आणि गुळगुळीत पाट, रंगांच्या पट्ट्या, वेगवेगळा आवाज करणाऱ्या डब्या, आणि डोळे बांधून जुळवावयाचे कापडांचे तुकडे. हा सरंजाम पुढें जगभर गेला. गरिबांच्या चाळींत जन्मलेलीं हीं साधनें सुबक लांकडी होऊन इतकीं महाग झालीं कीं गरिबाच्या मुलाच्या हातीं तीं क्वचितच लागत. याला काय म्हणावें!

ही गांठ सोडविण्याचें मोठें काम आपल्या महाराष्ट्रांत झालें. ताराबाई मोडक यांनीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचें कार्य केलें, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें ताराबाई समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. १९४५ सालीं तेथें ग्रामबालशिक्षा केंद्र निघालें, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शाळेंत मुलें येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. परदेशी साधनें परवडणारीं नव्हतीं. तेव्हां शंख, शिंपले, खडे, पानें, फुलें, बिया यांवरच मुलांचे डोळे, कान आणि बोटें तयार होऊं लागलीं. माँटेसोरीबाईंचें तत्त्व ठेवलें आणि पेटी बदलली, असें थोडक्यांत म्हणतां येईल. १९५७ मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. अंगणवाडी हा त्यांचाच शब्द १९७५ सालच्या सरकारी बालविकास योजनेनें उचलला, आणि आज तो खेडोपाडीं सर्वांच्या तोंडीं आहे.

आतां पुन्हां त्या सहाव्या अटीकडे येतों, कारण तिचा उत्तरार्ध अगदीं अलीकडचा आहे. अमेरिकेंत १ जानेवारी १९८० पासून असा नियम झाला कीं तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा सुटा होणारा कोणताही भाग एका ठराविक नळकांड्यांत पुरा मावतां कामा नये. त्या नळकांड्याचा व्यास सव्वा इंच, म्हणजे सुमारें ३२ मिलिमीटर. आपल्या देशांतील खेळण्यांच्या मानकांतही असेंच नळकांडें आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांवर मानक संस्थेचा शिक्का सक्तीचा झाला आहे. चरकानें शब्दांनीं सांगितलेलें त्यांनीं मापानें सांगितलें, एवढेंच. पण घरीं केलेल्या खेळण्यावर शिक्का कोण मारणार? तेथें शिवण ओढून पाहणें, गांठ दातानें ताणून पाहणें, रंग ओल्या फडक्यानें पुसून पाहणें हीं कामें घरांतल्या मोठ्या माणसाचींच.

धाकट्या नातीसाठीं मीं यंदा नवें खेळणें केलें. हातभर लांब जाड खादीची पट्टी, तिच्यावर रेशीम, मखमल, घोंगडी, खण आणि तरट यांचे तळहाताएवढे तुकडे, चोहों बाजूंनीं दुहेरी टांक्यांनीं शिवलेले. आंत कांहीं भरलेलें नाहीं. सूनबाईंनीं प्रत्येक तुकडा दोन्ही हातांनीं ओढून पाहिला, पट्टी गरम पाण्यांत धुऊन वाळविली आणि मग मुलीपुढें ठेवली. मला वाटलें होतें, ती रेशमावर हात फिरवील. तिनें तरट धरलें, आणि तें सोडावयास ती अजून तयार नाहीं.