ऑपरेशनच्या कागदावरच्या ओळी कोणी लिहिल्या?

या भागाचं हे लिखित रूप, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. अडखळलेली दोन-चार वाक्यं सरळ केली आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय एंडोमेट्रिऑसिसचं ऑपरेशन. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, ओव्हरीवर, आतड्यावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात आणि पाळी म्हणजे दर महिन्याची शिक्षा होऊन बसते. माझं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. आधी हॉस्पिटलने दोन पानी कागद हातात दिला: काय खायचं, पाणी कधी बंद, सही कुठे, नंतर कधी उठायचं. मी कोड लिहून पोट भरते. आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड असते. कुठलीही ओळ कोणी आणि कधी लिहिली ते ती सांगते. जुन्या कोडमधली विचित्र ओळ पुसण्याआधी आम्ही ती चालवतो. सुट्टीत पडल्या पडल्या मी त्या कागदाचं गिट ब्लेम करत बसले.

पहिली ओळ उपाशी राहण्याची. रात्री १२ नंतर खाणं बंद, साधं पाणी मात्र सकाळी ६ पर्यंत चालेल. ऑपरेशन ९ ला. आईला हे पटेचना. तिच्या सिझेरियनच्या वेळी रात्रीपासून थेंबभर पाणी दिलं नव्हतं. शोधत गेलं की ही ओळ कर्टिस मेंडेलसन या न्यूयॉर्कच्या प्रसूतितज्ज्ञापाशी पोचते. १९४६ मध्ये त्याने ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यात ६६ बायकांच्या पोटातलं अन्न किंवा आम्ल भूल दिलेली असताना फुफ्फुसात गेलं होतं. पुढे 'मध्यरात्रीनंतर काहीही नको' हा सरसकट नियम होऊन बसला, घोटभर पाण्यालासुद्धा. पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं हे अभ्यासांतून दिसल्यावर अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल असं म्हटलं. आईच्या आणि माझ्या कागदात एवढाच फरक.

पोट साफ करायच्या पावडरीबद्दल फार बोलत नाही. ती आतड्याच्या शस्त्रक्रियेतून उसनी आलेली ओळ, आणि ती लागते का यावर सर्जन आजही भांडतात. एमआरआयमध्ये माझी गाठ आतड्याला चिकटलेली दिसत होती म्हणून मला दिली. त्या दिवशी ऑफिसची एकही मीटिंग ठेवू नका, एवढंच सांगते.

खरी थांबले ती संमतीपत्रावर. 'गरज पडल्यास ओव्हरी काढण्यास संमती.' बघा, या ओळीला फार वाईट इतिहास आहे. १८७२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी नावाच्या सर्जनने पाळीच्या त्रासासाठी एका तरुणीच्या दोन्ही ओव्हरी काढल्या. पाळीच बंद केली की दुखणं बंद, असा हिशोब. पुढची काही दशकं हे ऑपरेशन दुखण्यासाठी, फिट्ससाठी, 'वेडासाठी' सर्रास झालं. यातल्या किती जणींना माझाच आजार असेल कोण जाणे, कारण तेव्हा त्याला नावच नव्हतं. ते नाव रुळलं १९२० च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या जॉन सॅम्प्सनमुळे. ओव्हरीतल्या जुन्या, घट्ट झालेल्या रक्ताच्या गाठींना त्याने १९२१ मध्ये 'चॉकलेट सिस्ट' म्हटलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आज तेच लिहून येतं. (त्यानंतर सहा महिने मी चॉकलेट खाल्लं नाही.)

मी सर्जन मॅडमना विचारलं, गरज म्हणजे नक्की काय? त्यांनी पेन काढून त्या ओळीपुढे लिहिलं: रक्तस्राव थांबत नसेल तरच. खाली सही केली. मग मी केली. तुमच्यापैकी कोणी या रांगेत उभं असेल तर हा प्रश्न भूल देण्याआधी विचारा, टेबलावर नव्हे.

एक ओळ कागदावर नव्हती, पण ती मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवली गेली. 'लग्न झालं, एक मूल झालं की थांबेल.' एका डॉक्टरांनी हे मी २२ वर्षांची असताना सांगितलं होतं. हिचाही लेखक सापडतो. १९४० च्या दशकात बॉस्टनच्या जो मेग्ज या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञाला दिसलं की हा आजार त्याच्या खासगी, सुखवस्तू पेशंटमध्ये जास्त आढळतो. त्याने दोष उशिराच्या लग्नाला दिला आणि लवकर लग्न, लवकर मुलं असा उपाय सुचवला. पण तेव्हा हा आजार पोट उघडल्याशिवाय दिसत नव्हता, आणि दुखण्यासाठी पोट उघडून घेणं ज्यांना परवडत होतं त्यांच्यातच तो सापडणार! डेटावर काम करणारी कुठलीही नवशिकी मुलगी ही चूक पकडेल. तरी ती ओळ बॉस्टनहून आमच्या जिल्ह्याच्या गावी येऊन पोचली.

आता गॅस. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, म्हणजे आत बघायला जागा होते. जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम नावाचा स्त्रीरोगतज्ज्ञ होता, निम्मा डॉक्टर, निम्मा कारागीर. पोटातला दाब मोजून गॅस आपोआप सोडणारं यंत्र त्याने १९६० च्या दशकात बनवलं. सहकाऱ्यांना तो इतका विचित्र वाटायचा की त्याला मेंदू तपासून घ्यायला लावलं होतं. १९८० मध्ये त्याने दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं, तेव्हा जर्मन सर्जनांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला निलंबित करा अशी मागणी केली. पुढे कॅमेरा आणि मॉनिटर आले. कामरान नेझात यांच्यासारख्यांनी डोळा दुर्बिणीला लावून वाकण्याऐवजी पडद्याकडे बघत एंडोमेट्रिऑसिसची ऑपरेशनं करून दाखवली.

त्या गॅसची आठवण माझ्याकडे आहे, खांद्यात. उरलेला गॅस श्वासपटलाला टोचतो, त्या पटलाची नस मानेतून येते, म्हणून मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा उजवा खांदा जास्त ठणकत होता. यावर कागदाचं उत्तर एकच: चाला.

ही चालण्याची ओळ मला सगळ्यात आवडली. १८०९ मध्ये केंटकीत जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या बाईने ओव्हरीची प्रचंड गाठ काढून घेतली, भुलीचा शोध लागायच्या कितीतरी आधी. डॉक्टर मॅकडॉवेल पाचव्या दिवशी बघायला गेला, तर बाई स्वतःचं अंथरूण आवरत होती! तो चकित झाला, तसं त्याने लिहूनही ठेवलं. तरी पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ पोटाच्या ऑपरेशननंतर बायकांना दोन-तीन आठवडे सक्तीने आडवं ठेवायचे. १८९९ मध्ये शिकागोच्या एमिल रीसने लिहिलं की मी पेशंटना दोन दिवसांच्या आत उठवतो. कोणी फारसं ऐकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि नर्स कमी पडायला लागल्यावर माणसं लवकर उठवली गेली, आणि ती बरी होत होती. १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी लवकर खाणं, लवकर चालणं, कमी नळ्या यांची पद्धतच बांधली. मला त्याच संध्याकाळी सिस्टरने उठवलं. सहा पावलं टाकली, सलाईनचा स्टँड धरून. घरी आल्यावर मात्र तीन आठवडे पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नव्हती, आणि थकवा सहा आठवडे होता. टाके तीन, बोटाच्या पेराएवढे. बघणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही. आत किती सोललंय ते बाहेरून दिसत नाही.

ऑपरेशनआधी आईने गावी आत्याला फोन केला, 'दुर्बिणीचं ऑपरेशन आहे.' पलीकडे शांतता. मग आत्या हळूच म्हणाली, 'लग्नाआधीच?'

कारण गावात 'दुर्बिणीचं' म्हणजे एकच. मुंबईच्या जे. जे. मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं १९९० मध्ये. पण त्याच्या आधीपासून कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत हीच दुर्बीण बायकांच्या पोटात जात होती, गर्भनलिका बंद करायला, एकामागून एक. आत्याचंही शिबिरातच झालं होतं. संध्याकाळी जीपने घरी, चौथ्या दिवशी शेतात.

बरी झाल्यावर गावी गेले तेव्हा तिला विचारलं, 'आत्या, तुझं पाळीत दुखायचं का गं?'

'दुखायचं की. आडवी पडायचे गोठ्यात.'

'मग शिबिरात डॉक्टरला सांगितलं नाहीस?'

'त्यांनी कुठं विचारलं,' ती म्हणाली, आणि माझे टाके बघायला पुढे सरकली.