डॅशबोर्डच्या आधी: लोणीचा कारखाना

गेल्या हिवाळ्यात नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत डेमो होता. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर आहे, पण तोंडातून अजून नगरच येतं.) चाळीसेक माणसं, सात-आठ सीएनसी मशिनं, हिशेब टॅलीत आणि बाकी सगळं एक्सेलमध्ये. आम्ही तीन महिने खपून त्यांच्यासाठी डॅशबोर्ड बनवला होता. चौदा आलेख. रंगीत, क्लिक केलं की आत उघडणारे. मालकांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "भारी आहे साहेब. पण उद्या सकाळी आल्यावर मी काय करू, ते यात कुठंय?"

मी काहीतरी थातूरमातूर बोललो. खरं तर उत्तर नव्हतंच.

संध्याकाळी कोपरगावला घरी निघालो तर नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. बाभळेश्वरच्या चौकातून डावीकडे गेलं की लोणी आणि प्रवरानगर. लहानपणापासून शेकडो वेळा हा चौक ओलांडलाय, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की मालकांनी विचारलेला प्रश्न इथे ७५ वर्षांपूर्वीच कुणीतरी सोडवलाय. तेही कॉम्प्युटरशिवाय. मग दोन विकांत त्यातच गेले.

आधी आमच्या धंद्याची वंशावळ थोडक्यात सांगतो. 'बिझनेस इंटेलिजन्स' हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळपास वापरला तो आयबीएमच्या हान्स पीटर लुन यांनी, १९५८ च्या एका लेखात. योग्य माहिती योग्य माणसापर्यंत आपोआप पोचवणारी यंत्रणा, अशी त्यांची कल्पना. पुढे १९८९ मध्ये हॉवर्ड ड्रेस्नर यांनी तो शब्द रूढ केला, आणि मग सॉफ्टवेअर कंपन्यांनी तो विकायला काढला. (माझा पगार त्यातूनच होतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.)

आता लुनच्या लेखाच्या दहा वर्षं मागे जाऊ. १९४८ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांचा एक अहवाल छापला. विषय होता गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायदे. म्हणजे आपलाच भाग. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ ला पूर्ण झालेलं. सरकारचा हिशेब सरळ होता: कालव्यात भांडवल किती घातलं आणि पाणीपट्टीतून परत किती आलं? त्या मापाने दख्खनचे कालवे बहुतेक तोट्यातलेच दिसत. गाडगीळांनी प्रश्नच बदलला. पाणी आल्यावर शेतकऱ्याचं उत्पन्न, मजुराचं काम, आसपासचा व्यापार यांचं काय झालं, हे मोजायला घेतलं. डेटा त्याच कालव्यांचा, पण प्रश्न बदलल्यावर उत्तरही बदललं. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी केपीआय बदलला.

पाण्यामुळे ऊस आला होता, पण उसाचा पैसा शेतकऱ्याकडे टिकत नव्हता. खासगी कारखान्यांचे स्वतःचे मोठे मळे होते. बाकीच्यांनी गुऱ्हाळ लावायचं, गूळ बाजारात न्यायचा आणि मिळेल तो भाव घ्यायचा. खाली सावकाराचं कर्ज होतंच. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्येच गावात सहकारी पतपेढी काढली होती, ती याच कर्जाला उतारा म्हणून. डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूरला बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढावा, हा विचार तिथे पुढे आला. विखे पाटील गावोगाव शेअर गोळा करत फिरले. मुंबई प्रांताचे तेव्हाचे मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. १९४८ च्या शेवटी नोंदणी झाली, १९५०-५१ च्या हंगामात पहिलं गाळप झालं आणि पहिले अध्यक्ष झाले गाडगीळच. सुरुवातीची क्षमता होती रोज सुमारे ५०० टन.

फारसं शालेय शिक्षण न झालेला शेतकरी आणि केंब्रिजला शिकलेला अर्थशास्त्रज्ञ, अशी ही जोडी. एकाला आकडे वाचता येत होते, दुसऱ्याला त्या आकड्यांमागची माणसं ठाऊक होती. आमच्या प्रोजेक्टमध्ये यातला दुसरा माणूस बहुधा नसतो.

साखर कारखाना आतून बघितला तर तो म्हणजे चालताबोलता डेटाचा पाइपलाइन आहे. लागण झाली की नोंद: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. अडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, त्यावरून कुठला ऊस कधी पक्व होणार हे ठरतं, आणि त्यावरून तोडणीचा कार्यक्रम. मग टोळी, गाडी, काटा आणि वजनाची पावती. तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटतं आणि साखरही, त्यामुळे जमेल तर २४ तासांत गाळावा लागतो. शेवटी एकच आकडा: उतारा. शंभर किलो उसातून साखर किती? रोज ५०० टन गाळणाऱ्या कारखान्यात उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर दिवसाला अडीच टन साखर गेली. १५० दिवसांच्या हंगामात ३७५ टन. म्हणून उतारा पडला की शेतकी अधिकारी दुसऱ्या दिवशीचा तोडणीचा कार्यक्रम बघतो. आकडा संध्याकाळी कळतो आणि सकाळी टोळी दुसऱ्या शिवारात जाते. मालकांना हेच तर हवं होतं!

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. उसाचा दर आजही संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. तुमच्या शेतातल्या उसात साखर जास्त असो की कमी, सभासदाला पैसे मिळतात टनावर. ऑस्ट्रेलियात प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाचा रस तपासून, त्यात साखर किती त्यावर पैसे देतात. आपल्याकडे चांगला ऊस सरासरीत बुडतो, आणि शेतकरी साहजिकच वजनाच्या मागे लागतो. त्यातून काट्यावरचा संशय. काटामारी हा शब्द ऊसपट्ट्यात शाळकरी पोरालाही माहीत असतो. शेतकरी कागदोपत्री मालक आहे, पण आकडा खरा आहे की नाही हे तपासायची सोय त्याच्याकडे नसेल तर त्या मालकीचा उपयोग काय?

कोल्हापूरकडे वारणेत १९९८ मध्ये सत्तर गावांत कॉम्प्युटर बसवले होते, 'वायर्ड व्हिलेज' म्हणून. शेतीची सगळी माहिती मिळेल वगैरे मोठी स्वप्नं होती. प्रत्यक्षात लोक विचारायचे ते माझ्या उसाचं वजन किती भरलं, तोडीचा पास निघाला का, खताचे किती कापले. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी काही गावांत कॉम्प्युटर काढून तीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसने दिली. काम भागलं.

हे सगळं डोक्यात घेऊन पुन्हा एमआयडीसीत गेलो. चौदा आलेखांपैकी अकरा बंद केले. उरले तीन: कुठलं मशिन का थांबलंय, कुणाची उधारी किती दिवस झाली, आणि रिजेक्शन. रिजेक्शनची महिन्याची सरासरी काढून टाकली आणि मालाच्या लॉटप्रमाणे आकडे लावले. गेटजवळ एक फळा टांगला. सुपरवायझर रोज सकाळी आकडे खडूने लिहितो, सगळ्यांना दिसतील असे.

चौथ्या दिवशी एक ऑपरेटर फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, हे खराब लॉट सगळे एकाच फाउंड्रीचे आहेत. मी तर कधीपासून सांगतोय." वर्षभर ते रिजेक्शन त्याच्या शिफ्टच्या नावावर जमा होत होतं, आणि त्याचा इन्सेंटिव्ह कापला जात होता.

मालकांनी तिथूनच फाउंड्रीला फोन लावला. कापलेल्या पैशांचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. पुढच्या शनिवारी त्यासाठीच बसणार आहोत, आणि त्या ऑपरेटरलाही बोलावलंय.