मोर्चातले पाय अन् आपली चप्पल
मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी गेला. ६ तारखेला निघाला, १२ ला पोहोचला. अंतर जवळपास १८० किलोमीटर. सोललेल्या तळव्यांचे फोटो आठवत असतील. कोणी साध्या चपलेवर, कोणी अनवाणी. मुंबईकरांनी पाणी, खाणं अन् चपलाही दिल्या.

रबरी स्लिपर टाचेला धरत नाही. ती सुटू नये म्हणून बोटं आवळावी लागतात, घामानं पाय घसरतो, फोड येतात. वडिलांच्या कातडी वहाणा मापानं शिवलेल्या असायच्या. आधी चावायच्या, तेल पाजलं की पायाच्या व्हायच्या. जड होत्या बाप्पा! रबर स्वस्त आलं, वहाणा गेल्या. इकडं किन्हीराजाच्या वावरात तुरीचं धसकट स्लिपरमधून आरपार जाते. मी आता मागं पट्टा असलेली, जाड तळाची घेतो, तीही संध्याकाळी. तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.